वापरलेली स्पोर्ट्स कार घेताय? आधी तारखा आणि किलोमीटर जुळवा

‘२०१७ ची पोर्शे ७१८ केमन, फर्स्ट ओनर, १४ हजार किलोमीटर, नॉन-अ‍ॅक्सिडेंटल, मुंबई पासिंग.’ एवढ्याशा जाहिरातीत पाच दावे आहेत आणि त्यातला एकही गाडीभोवती दोन फेऱ्या मारून तपासता येत नाही. पॉलिश केलेली गाडी सुंदरच दिसते. एक चक्कर मारली की छातीत धडधडायला लागतं आणि टोकन देऊन टाकावंसं वाटतं. नेमक्या त्या क्षणी थांबायला हवं. साध्या हॅचबॅकमध्ये फसलात तर दुरुस्ती हजारांत आटोपते. इथे एक गिअरबॉक्स किंवा सिरॅमिक ब्रेकचा एक संच लाखांच्या घरात जातो.

ब्रिटनमध्ये गाडीचा नंबर सरकारी संकेतस्थळावर टाकला की तिच्या जुन्या वार्षिक तपासण्या त्या त्या दिवशीच्या मीटरसह फुकट दिसतात. अमेरिकेत चेसिस नंबरवरून अपघात आणि पुराच्या नोंदींचा अहवाल विकत घेता येतो. आपल्याकडे असा एकच कागद नाही. सरकारच्या ‘वाहन’ नोंदींत मालकी, कर्ज, विम्याची मुदत हे सगळं आहे. पण गाडी किती पळाली, कुठे आपटली, कधी पाण्यात बुडाली, याचा तिथे पत्ता नाही. तो इतिहास विमा कंपनीकडे, वर्कशॉपच्या संगणकात, फास्टॅगच्या बँकेत, टायरच्या कडेवर आणि इंजिनाच्या कंट्रोल युनिटमध्ये विखुरलेला असतो.

हे विखुरलेपण घेणाऱ्याच्या फायद्याचं आहे. विकणारा एखादा कागद बदलू शकतो, मीटर मागे घेऊ शकतो; पण एकमेकांशी संबंध नसलेल्या सहा ठिकाणच्या नोंदी त्याला एकाच वेळी जुळवून ठेवता येत नाहीत. म्हणून माझी पद्धत अशी: वहीच्या एका पानावर दोन रकाने करायचे, तारीख आणि किलोमीटर. हाताला लागेल तो प्रत्येक कागद त्यात उतरवायचा. ओळींमध्ये किलोमीटर सतत वाढत गेले पाहिजेत, आणि मधे दोन वर्षांचं भगदाड पडलं तर त्याचं कारण मिळालं पाहिजे. पुढे जे लिहिलं आहे ते सगळं हे पान कसं भरायचं याबद्दल आहे.

आरसीवरचा ‘फर्स्ट ओनर’

सुरुवात सोप्या गोष्टीपासून. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन अ‍ॅपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, आरटीओ, विमा आणि पीयूसीची मुदत, गाडीवर कुठल्या बँकेचं कर्ज आहे का, ती काळ्या यादीत आहे का, आणि ही कितवी मालकी, हे दिसतं. ई-चलानं वेगळी पाहायची. महाराष्ट्राच्या वाहतूक पोलिसांचं त्यासाठी स्वतंत्र संकेतस्थळ आहे. थकलेल्या दंडापेक्षा चलानांचं ठिकाण आणि तारीख महत्त्वाची. ‘गाडी कायम दक्षिण मुंबईत होती’ असं सांगितलं जातं आणि चलानं सगळी हैदराबादची निघतात, तेव्हा पुढचा प्रश्न आपोआप सुचतो.

आता ‘फर्स्ट ओनर’बद्दल. आरसीवर पहिला मालक दिसणं म्हणजे गाडी एकाच हातात होती असं नव्हे. महागड्या गाड्यांच्या बाजारात गाडी बऱ्याचदा ‘ओपन पेपर’वर फिरते. मूळ मालक फॉर्म २९ आणि ३० वर, म्हणजे मालकी बदलाच्या अर्जांवर, सह्या करून कोरे कागद देतो, गाडी एका ब्रोकरकडून दुसऱ्याकडे जाते, मधे कुणीतरी वर्षभर चालवतो आणि ट्रान्सफर कुणीच करत नाही. कायद्याच्या दृष्टीने मालक अजून तोच पहिला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार खटल्यात स्पष्ट केलं की गाडी प्रत्यक्षात पुढे कितीही हात फिरली असली तरी नोंदीत ज्याचं नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. तुमच्यासाठी याचा अर्थ असा की मधल्या हातांनी गाडीचं काय केलं याचा आरसीवर मागमूस नसतो. तो सापडतो सर्व्हिसच्या बिलांवर. बिलावरचं नाव आणि शहर दर वर्षी बदलत असेल, तर आरसी काहीही म्हणो, गाडी अनेकांनी वापरली आहे.

कर्जाचं हायपोथिकेशन दिसलं तर घाबरायचं कारण नाही, पण ‘कर्ज फिटलंय, फक्त नाव काढायचं राहिलंय’ या वाक्यावर पैसे द्यायचे नाहीत. बँकेची एनओसी आणि बँकेचा शिक्का असलेला फॉर्म ३५, म्हणजे आरसीवरून कर्जाची नोंद काढण्याचा अर्ज, हातात हवा. बँकेच्या एनओसीला बहुधा तीन महिन्यांची मुदत असते, तीही पाहून घ्या.

दुसऱ्या राज्याचं पासिंग हा वेगळा विषय. रस्ता कर कमी म्हणून पुदुच्चेरीसारख्या ठिकाणी नोंदवलेल्या महागड्या गाड्या मुंबई-पुण्यात वर्षानुवर्षं फिरताना दिसतात. कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथली नोंदणी घ्यावी लागते. शिवाय आयात केलेल्या गाड्यांवर आणि कंपनीच्या नावावरच्या गाड्यांवर महाराष्ट्रात २० टक्के कर आहे. त्याची कमाल मर्यादा २० लाख होती, ती २०२५ मध्ये ३० लाख झाली. जुन्या गाडीला वयानुसार सूट मिळते, तरी बाहेरच्या पासिंगची गाडी ‘दहा लाखांनी स्वस्त’ असेल तर त्यातले किती लाख इथल्या आरटीओत भरायचे आहेत हे आधी काढा. आणि मूळ आरटीओकडून फॉर्म २८ ची एनओसी निघू शकते का तेही. गाडीवर खटला किंवा जुना दंड असेल तर ती अडकून राहते.

चेसिस नंबर हाताने उतरवा

आरटीओच्या कागदांवर चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट लागते हे गाडी घेतलेल्यांना माहीत असेल. ते काम एजंटवर सोडू नका, पहिल्याच भेटीत स्वतः करा. कोरलेल्या आकड्यांवर पातळ कागद धरायचा आणि पेन्सिलची शिस आडवी घासायची. नंबर कुठे कोरला आहे ते मॉडेलप्रमाणे बदलतं, गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. १७ अक्षरं-आकडे असतात आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच येत नाहीत, कारण एक आणि शून्याशी गोंधळ होतो. प्रिंटमध्ये सगळे आकडे एका उंचीचे, एका खोलीचे आणि सारख्या अंतरावर हवेत. आजूबाजूला घासल्याच्या खुणा किंवा वेल्डिंगची कड दिसली तर तिथेच विषय संपवा. हाच नंबर काचेखालच्या पट्टीवर, दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर, आरसीवर आणि कंट्रोल युनिटमध्येही असतो. सगळीकडे एकच हवा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या पोर्टलवर चोरीच्या वाहनांची तपासणी करता येते आणि तो दाखला काढून ठेवता येतो. आंतरराज्य ट्रान्सफरला आरटीओ तो बहुतेक वेळा मागतंच.

इंजिन नंबरही जुळवा, पण तिथे घाई करून निष्कर्ष काढू नका. २०१४ च्या पोर्शे ९११ जीटी३ ला आग लागण्याचे प्रकार झाले तेव्हा कंपनीने जगभरातल्या ७८५ गाड्यांची इंजिनं बदलली. म्हणजे इंजिन बदललेली गाडी चोरीची किंवा वाईट असेलच असं नाही, उलट अशी गाडी चांगलीही असू शकते. मात्र आपल्याकडे इंजिन नंबर आरसीवर असतो. तो अद्ययावत केला नसेल तर ट्रान्सफरच्या वेळी गाडी अडेल. बदलाचं कंपनीचं पत्र, बिल आणि आरटीओची नोंद, तिन्ही मागा.

आयात केलेली गाडी असेल तर

डीलरकडून भारतात विकली गेलेली गाडी आणि कुणीतरी स्वतः आणलेली गाडी यांत मोठा फरक आहे. सीमाशुल्कामुळे महागड्या गाडीची किंमत इथे दुपटीच्या पुढे जाते, त्यामुळे ते चुकवण्याचा मोह मोठा. जुलै २०२१ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांच्या नावावर शुल्कमाफीत गाड्या आणून इथे विकणारी टोळी पकडली. सप्टेंबर २०२५ मध्ये कस्टम्सने केरळात ‘नुमखोर’ नावाची मोहीम चालवली. भूतानमार्गे आणलेल्या आणि खोट्या कागदांवर भारतात नोंदवल्या गेल्याचा संशय असलेल्या गाड्या तेव्हा लोकांच्या दारातून जप्त झाल्या. त्यांच्या आरसी ‘वाहन’मध्ये दिसत होत्या, हे लक्षात घ्या.

म्हणून आयातीच्या गाडीला आरसी पुरत नाही. बिल ऑफ एंट्री मागायचं, म्हणजे बंदरात शुल्क भरल्याची मूळ नोंद. त्यावर चेसिस नंबर, बंदर, तारीख आणि भरलेली रक्कम असते आणि तिचा क्रमांक कस्टम्सच्या ‘आइसगेट’ पोर्टलवर पडताळता येतो. वापरलेली गाडी परदेशातून आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडे लागतं आणि ती फक्त मुंबई बंदरातूनच येऊ शकते. त्यामुळे ‘वापरलेलीच आणली होती’ असं सांगताना बिलावर दुसरंच बंदर किंवा सात वर्षांचं वय दिसलं तर ती गोष्ट खरी नाही. अशा एका वापरलेल्या पोर्शे कॅरेराचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. नंतरच्या खरेदीदाराकडून शुल्क वसूल करता येत नाही, असा निकाल त्यात लागला. खरेदीदार जिंकला, पण त्यासाठी त्याला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. कुणावरही ही वेळ येऊ नये.

विम्याची पॉलिसी अपघाताचं सांगते

माझ्या मते सगळ्यात कमी वापरलं जाणारं साधन हे आहे. विकणाऱ्याकडे फक्त चालू पॉलिसी मागू नका, पहिल्या वर्षापासूनच्या सगळ्या मागा. ई-मेलमध्ये असतात, शोधल्या की सापडतात. प्रत्येकीवर ‘नो क्लेम बोनस’चा एक आकडा असतो. क्लेम न केलेल्या वर्षांप्रमाणे तो २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के असा चढतो. एखाद्या वर्षी क्लेम झाला की पुढच्या नूतनीकरणाला तो शून्यावर येतो.

समजा २०१९ च्या पॉलिसीवर २०, २०२० ला २५, २०२१ ला ३५ आणि २०२२ ला शून्य आहे. म्हणजे २०२१ ते २०२२ दरम्यान क्लेम झाला. ‘नॉन-अ‍ॅक्सिडेंटल’ म्हणणाऱ्याला आता नेमक्या वर्षाचं नाव घेऊन विचारता येतं. क्लेम बंपरचा असू शकतो, पुराचा असू शकतो, किंवा पुढची पूर्ण बाजू गेली असेल. मालकाला आपल्या क्लेमचा तपशील विमा कंपनीकडून मिळतो. तो त्यानेच मागवून द्यावा. दोन अपवाद लक्षात ठेवा. बोनस माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. त्यामुळे मालक बदलला त्या वर्षी शून्य दिसणं साहजिक आहे. आणि काही पॉलिसींत बोनस वाचवणारं जादा संरक्षण घेतलेलं असतं, तिथे क्लेम होऊनही आकडा खाली येत नाही. अ‍ॅड-ऑनच्या यादीत ते दिसतं.

आणखी एक आकडा: आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनीने धरलेली गाडीची किंमत. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त झाला तर गाडी ‘टोटल लॉस’ धरतात आणि सांगाडा लिलावात जातो. स्पोर्ट्स कारचे सुटे भाग इतके महाग की बाहेरून फार वाईट न दिसणारी गाडीही या रेषेपलीकडे जाते. मग कुणीतरी ती लिलावात घेतो, जुन्या भागांवर उभी करतो आणि विकायला काढतो. मधे एका वर्षाची पॉलिसीच नाही, सर्व्हिस नाही, चलान नाही, आणि नंतर एकदम नवा मालक, असं दिसलं तर ही शक्यता आधी तपासा.

बिलं: कमी किलोमीटर म्हणजे चांगली गाडी नव्हे

अधिकृत वर्कशॉपमध्ये चेसिस नंबरवर सगळा सर्व्हिसचा इतिहास असतो. मालकाला सोबत घेऊन जा आणि छापील प्रत काढा. मालक यायला किंवा लेखी संमती द्यायला तयार नसेल तर त्यातच बरंच काही कळतं.

जमीन घेताना आपण सातबाऱ्यावर न थांबता जुने फेरफार काढतो, तसंच इथेही बिलांची पूर्ण साखळी बघायची, शेवटचं चकचकीत बिल नव्हे. अशा गाड्यांची सर्व्हिस फक्त किलोमीटरवर नसते, वेळेवरही असते. ब्रेकचं तेल पोर्शेमध्ये दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, गाडी दोनशे किलोमीटर चालली असली तरी. म्हणून सात वर्षांत १४ हजार किलोमीटर चाललेल्या गाडीची दोनच बिलं असतील तर ती जपलेली नसून पडून राहिलेली गाडी आहे. रबरी सील कडक झालेले असतात, बॅटरी मेलेली असते, टायर जुने असतात. त्यापेक्षा नियमित चाललेली आणि दर वर्षी वर्कशॉप पाहिलेली ३५ हजारांची गाडी मी आधी निवडेन.

प्रत्येक मॉडेलचं एखादं जुनं दुखणं असतं, ते आधी माहीत करून घ्या आणि बिलांत त्याचा उपाय शोधा. १९९७ ते २००८ या काळातल्या पोर्शे बॉक्स्टर आणि ९११ च्या अनेक इंजिनांत एका मधल्या शाफ्टचं बेअरिंग निकामी होण्याचा प्रश्न होता. ते तुटलं तर इंजिनच जातं. अमेरिकेत त्यावरून सामूहिक खटला झाला. २००९ च्या मॉडेलांपासून नव्या इंजिनात तो शाफ्टच नाही. म्हणजे २००७ ची ९११ बघत असाल तर हा प्रश्न विचारायलाच हवा, आणि २०१० ची बघत असाल तर विचारायचं कारण नाही.

फास्टॅगचं स्टेटमेंटही मागा. फेब्रुवारी २०२१ पासून चारचाकीला तो सक्तीचा आहे, त्यामुळे त्यानंतरच्या टोलनाक्यांच्या तारखा बँकेकडे आहेत. ‘फक्त रविवारी सकाळी लोणावळा’ ही गोष्ट त्यावरून लगेच पडताळता येते, आणि तुमच्या पानावर ज्या महिन्यांत किलोमीटर वाढलेच नाहीत त्या महिन्यांत गाडी दर आठवड्याला टोल भरत होती का, हेही.

इंजिनाला विचारा

आता सगळ्यात रंजक साक्षीदार. पोर्शेच्या इंजिनाचा कंट्रोल युनिट, ज्याला डीएमई म्हणतात, दोन गोष्टी मोजत असतो: इंजिन एकूण किती तास चाललं, आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा वेगाने किती वेळा फिरलं. अधिकृत वर्कशॉप किंवा चांगला स्वतंत्र तज्ज्ञ निदानाचं यंत्र जोडून हा अहवाल काढतो.

आधी तास. मीटरवरचे किलोमीटर भागिले इंजिनाचे तास, म्हणजे सरासरी वेग. समजा मीटर १४ हजार दाखवतं आणि तास ५६०. सरासरी ताशी २५ किलोमीटर येते. मुंबईतली रहदारी आणि मधूनमधून महामार्ग धरला तर हे पटतं. आता समजा मीटर तेच १४ हजार आणि तास १,४००. सरासरी १०. कायम वांद्र्याच्या संध्याकाळच्या कोंडीत उभी असल्याशिवाय स्पोर्ट्स कार असा आकडा दाखवत नाही. मीटर मागे घेतल्याचा संशय घ्यायलाच हवा. उलट टोकही बघा: ४० हजार किलोमीटर आणि फक्त १५० तास, म्हणजे सरासरी २६० च्या वर. हे अशक्य आहे. इथे कंट्रोल युनिटच मधे बदललेलं असणार, आणि ते का बदललं याचं बिल हवं. पाण्यात गेलेल्या गाडीचं युनिट बदलावं लागतं.

मग अतिवेगाच्या नोंदी. इंजिनाला लाल रेषेपलीकडे जाऊ न देणारी मर्यादा संगणकात असते. तुम्ही कितीही अ‍ॅक्सिलरेटर दाबा, तो इंधन तोडतो. पण मॅन्युअल गाडीत एक वाट उघडी राहते. पाचव्या गिअरमध्ये जोरात जाताना चौथा टाकायचा आणि हात चुकून दुसरा पडला, तर चाकंच इंजिनाला फिरवतात. तिथे इंधन तोडून काही उपयोग नसतो. व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळू शकतात. ९११ च्या ‘९९७’ नावाच्या पिढीपासून या नोंदी सहा पायऱ्यांत येतात. खालच्या पायऱ्यांतले आकडे म्हणजे कुणीतरी गाडी लाल रेषेपर्यंत ताणली, जी तशी चालवण्यासाठीच बनवली आहे. त्याने घाबरू नका. वरच्या पायऱ्यांतले आकडे मात्र चुकलेल्या गिअरचे असतात.

आणि त्या नोंदीसोबत ती इंजिनाच्या कितव्या तासाला झाली हेही लिहिलेलं असतं. एकूण तास ६१० आणि वरच्या पायरीची शेवटची नोंद १८० व्या तासाची असेल, तर त्यानंतर इंजिन ४३० तास सुरळीत चाललं आहे. मी अशी गाडी नाकारणार नाही. नोंद ६०५ व्या तासाची असेल तर गेल्या पाच तासांत काहीतरी घडलं आणि त्यानंतर गाडी विकायला निघाली. तिथून मी निघून येईन. पीडीके ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असा चुकीचा गिअर टाकूच देत नाही, म्हणून तिथे तासांचा हिशेब जास्त कामाचा.

इतर कंपन्यांच्या गाड्यांत नाव वेगळं, तत्त्व तेच. किलोमीटर फक्त मीटरमध्ये नसतात; इतर युनिटांतही त्यांच्या नोंदी राहतात आणि मीटर फिरवणारा सगळ्या पुसतोच असं नाही. आपल्याकडे ज्यांना खरी मागणी आहे त्या पोलो जीटीआय किंवा ऑक्टाविया आरएससारख्या गाड्यांत बघायची गोष्ट म्हणजे रिमॅप, म्हणजे संगणकातला प्रोग्रॅम बदलून वाढवलेली ताकद. विकण्याआधी मूळ प्रोग्रॅम परत टाकतात. पण फोक्सवॅगन समूहाच्या गाडीचं युनिट डीलरच्या यंत्रणेत बदललेलं म्हणून ओळखलं गेलं की कंपनीच्या नोंदीत ‘टीडी१’ असा शेरा लागतो आणि तो मूळ प्रोग्रॅम टाकून जात नाही. डीलरला तोच शेरा आहे का विचारा.

गाडीवरच छापलेल्या तारखा

तपासणीसाठी गाडी लिफ्टवर घ्या. रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेऊन या. कारखान्यातला रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉनच्या आसपास असतो, पुन्हा मारलेला त्याच्या दुप्पट, आणि खाली पुट्टी भरली असेल तर आकडा हजाराकडे जातो. आधुनिक स्पोर्ट्स कारचे बरेच पॅनेल अ‍ॅल्युमिनियमचे असतात, त्यामुळे फक्त लोखंडावर चालणारं स्वस्त यंत्र उपयोगाचं नाही. पुढचा बंपर पुन्हा रंगवलेला असेल तर आपल्या रस्त्यांवर ते चालायचंच. मागची बाजू किंवा छताला जोडणारे खांब रंगवलेले असतील तर ते चालणार नाही.

पण रंगापेक्षा माझा भरवसा तारखांवर. प्रत्येक काचेवर कंपनीचं नाव आणि निर्मितीचं वर्ष असतं. पाच काचा एका वर्षाच्या आणि एक नंतरची, तर ती का बदलली? टायरवर चार आकडे असतात: ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. मीटर १४ हजार म्हणतं आणि टायरचा तिसरा संच बसलेला आहे, हे कसं? सगळ्यात बोलकी तारीख सीटबेल्टवर असते. पट्टा पूर्ण बाहेर ओढा, अगदी खालपर्यंत. तळाशी शिवलेल्या लेबलवर निर्मितीची तारीख आहे. एअरबॅग उघडली की बेल्टही बहुधा बदलावा लागतो, कारण त्यातली ताण देणारी यंत्रणा एकदाच चालते. २०१७ च्या गाडीत ड्रायव्हरचा बेल्ट २०२१ चा असेल तर विम्याच्या त्या शून्य बोनसच्या वर्षाकडे परत जा. दोन वेगळ्या नोंदी एकच गोष्ट सांगायला लागल्या आहेत.

तोच ओढलेला पट्टा पुराचंही सांगतो. एरवी गुंडाळून असलेल्या भागावर मातकट रेघ, वास किंवा बुरशीचे ठिपके दिसले तर पाणी सीटपर्यंत आलं होतं. मुंबईने २६ जुलै २००५ पाहिला, चेन्नईने २०१५ चा डिसेंबर, कोल्हापूर-सांगलीने २०१९; बुडालेल्या गाड्या नंतर धुऊन दुसऱ्या राज्यांत विकायला जातात, म्हणून गाडी त्या त्या वेळी कुठे होती हे तुमच्या पानावर तपासा. सीटच्या रुळांवरचा गंज, पुढच्या कप्प्यातल्या कोपऱ्यातला गाळ, गालिच्याखालच्या जोडण्यांवरची हिरवट बुरी, हे सगळं टॉर्च घेऊन बघायचं. जुन्या बॉक्स्टरमध्ये तर पूर नसतानाही धोका असतो. कापडी छताच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पानांनी तुंबल्या की पाणी आत येतं आणि सीटखालचं चोरीविरोधी युनिट निकामी करतं. गालिचा दाबून बघा.

पैसे देताना

विकणारा ब्रोकर असेल तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे त्याच्याकडे आरटीओचं अधिकारपत्र आहे का विचारा. टोकन तपासणी झाल्यावरच, आणि पावतीवर ‘चेसिस नंबर, किलोमीटर किंवा अपघाताबाबत दिलेली माहिती खोटी निघाल्यास परत’ असं लिहून. पूर्ण रक्कम बँकेतून, आरसीवर नाव असलेल्याच्या खात्यात. ब्रोकरने ‘माझ्या खात्यात टाका’ म्हटलं तर मालकाचं लेखी संमतीपत्र घ्या. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर संचालक मंडळाचा ठराव लागतो. फॉर्म २९ आणि ३० तुमच्यासमोर, तुमचं नाव भरून, तारीख टाकून. विमा तुमच्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करायचा आणि आरटीओचं काम एजंटवर सोडलं तरी अर्ज क्रमांक स्वतःकडे ठेवून ‘वाहन’वर त्याची स्थिती बघत राहायची.

आणि दुसरी चावी त्याच दिवशी मागा. ‘घरी आहे, पाठवतो’ चालणार नाही. वर्कशॉपला यंत्र जोडलेलं असतानाच विचारून घ्या की या गाडीला किती चाव्या नोंदवलेल्या आहेत. तिसरी चावी निघाली तर ती कुठे आहे हे मालकाने सांगेपर्यंत, किंवा ती नोंद पुसेपर्यंत, उरलेली रक्कम थांबवा.